सरव्याची वेळ

रंजीताच्या घरात 'माझं' हा शब्द चालत नसे. पोरीनं पाटी उचलून 'ही माझी' म्हटलं की रंजीता हातातलं काम थांबवून विचारायची, "तुही कशी वो? तू घडवली का?" मग पोरगी ओठ मुडपून म्हणायची, "मिळाली." ताटात भात पडला की मिळाला, अंगावर फ्रॉक चढला की मिळाला. शेजारच्या बाया हसायच्या. "काय वो दिव्यानी, ताप आला म्हणते. तोबी मिळालाच का?" दिव्यानीही हसायची. बारा वर्षांची होईस्तोवर तिला तो घरातला खेळच वाटत होता.

रंजीताला तो खेळ वाटत नव्हता. तिचे वडील प्रचारक होते. सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी येशूची गोष्ट सांगितली, आणि मरताना मागं ठेवली ती सायकल, एक चष्मा आणि लेकीच्या मनात एक भीती. माणसाला जे मिळतं ते हक्कानं नाही, कृपेनं, असं ते सांगत. ज्याला एकदा वाटलं की हे सगळं मला येणंच होतं, त्याच्या काळजाला दार राहत नाही. देव बाहेर उभा राहतो आणि त्याला ऐकूही येत नाही. एकुलती एक लेक झाली तेव्हा रंजीतानं ठरवलं, या पोरीच्या काळजाचं दार मी बुजू देणार नाही.

येरमेटोल्यात चाळीस घरं, त्यातली तीन किरिस्तावांची. रंजीताचा नवरा अजय धानाची शेती करायचा आणि रविवारी आपल्याच पडवीत प्रार्थना घ्यायचा. रंजीता गावाची आशाताई होती. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या तिच्याकडं. पाठीशी रान, पुढं एटापल्लीकडं जाणारा रस्ता.

चैत्र लागला की त्या रानात मोह गळायचा. पहाटे गावातल्या बाया टोपल्या घेऊन एकत्र निघायच्या, आपापल्या झाडाखाली वेचायच्या, आणि ऊन चढलं की एकत्रच परतायच्या. एकटीनं जायचं नाही, एकटीनं मागं राहायचं नाही. मोहाचं फूल माणसाला गोड लागतं तसं अस्वलालाही लागतं, आणि अस्वल टोपलीवाली कोण नि तिचं झाड कोणतं हे विचारत नाही. बाया बोलत, खोकत, गात वेचायच्या, ते त्यासाठीच.

ओढ्याच्या काठचं एक झाड अजयच्या घराकडं वेचायला होतं. सगळं झाड वेचायचं नाही, असा रंजीताचा नेम होता. कापणी झाल्यावर शेतात मागं राहिलेल्या कणसांना सरवा म्हणतात. तो गरिबाचा, विधवेचा, परक्याचा, असं वडिलांनी तिला शास्त्रातून सांगितलं होतं. रानातल्या मोहालाही तिनं तोच नियम लावला. ओढ्याच्या अंगाला पडलेली फुलं ती सोडून द्यायची. ती कमळाबाईची.

कमळाबाई शेजारची. पंचावन्न-साठची विधवा, हाडानं चिवट, तोंडानं तिखट. तिचा मुलगा लटारू दर वर्षी माघात तेलंगणात मिरची तोडायला जायचा आणि वैशाखात परत यायचा. मधले दिवस ती एकटी. सरवा असं नाव असलं तरी ती मागून कधी येत नसे. रंजीतासोबतच निघायची, एकाच झाडाखाली दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या आणि कमळाबाई गात सुटायची:

मोह गळते वो बाई, रातभर टपटप
रान जागते एकटं, गाव झोपलं गपगप

रंजीता तिकडून जोडायची:

मोहाच्या फुलाले, ना देठ ना पान
ज्यानं देलं झाडाले, त्याचंच सारं रान

"झालं, आणला तुहा येशू झाडाखाली," कमळाबाई म्हणायची. "त्याले म्हणा बसून बोलू नको. एक टोपली घे, वेचू लाग."

त्या वर्षी उपवासकाळातल्या एका रविवारी बाहेरगावचे पाळकसाहेब आले. पडवीत मुलांना बसवून त्यांनी सरवा वेचणाऱ्या एका परदेशी विधवेची गोष्ट सांगितली. ती कापणाऱ्यांच्या मागं मागं, खाली मान घालून कशी वेचत गेली, आणि शेताचा मालक किती थोर मनाचा, हे त्यांनी रंगवून सांगितलं. मग विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी सरवा ठेवतात?" दिव्यानीनं हात वर केला. उभं राहून तिनं मोहाच्या झाडाचं सांगितलं, कमळामायचं सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि तिला एक रंगीत चित्र दिलं. चित्रात पिवळंजर्द शेत होतं, आणि शेताच्या कडेला वाकलेली एक बाई.

रंजीता दाराशी उभी होती. लेक नीट घडली, असं तिला वाटलं. लेक त्या चित्राकडं कशी पाहते आहे, हे तिनं पाहिलं नाही.

दोन दिवसांनी रंजीताला आशाताईंच्या प्रशिक्षणाला तालुक्याला जावं लागलं. एका रात्रीचा मुक्काम. जाताना ती म्हणाली, "दिव्यानी, बायांसोबत जाय, बायांसोबतच ये. अन् सरवा ठेवजो."

"ठेवतो ना. मले माहीत नाई का," दिव्यानी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंजीता बसमधून फाट्यावर उतरली. अजय मोटारसायकल लावून उभा होता. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं.

"माहं नोय," ती काही विचारायच्या आत तो म्हणाला. "कमळाबाईले अस्वलानं फाडलं."

रंजीतानं पिशवी खाली ठेवली.

"जित्ती आहे. सकाळी नवाच्या सुमाराले. गुराख्यानं आरडा ऐकला. आमी टिना बडवत गेलो तं ते तोंडावर बसलं होतं, हललं नाई लवकर. फारेस्टच्या गाडीत टाकून पयले मिशनच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणे चंद्रपूरले न्या. तिकडं गेली. एक डोळा..." त्यानं आपल्या गालावर हात ठेवला आणि तो तसाच खाली ओढत नेला.

"नवाले?" रंजीता म्हणाली. "बाया तं आठाले घरी येतात."

"आल्या होत्या."

"मंग ते एकटी काऊन गेली? तिले का अक्कल नाई? तीस वर्सं झाले ते वेचते."

"तेच तं कोणाले समजून नाई राह्यलं," अजय म्हणाला.

घरी आल्यावर रंजीतानं पाहिलं, दिव्यानी आंगणात बसून फुलं वाळू घालत होती. एकावर एक पडू न देता, एकेक फूल सुटं करून. अर्ध्या आंगणात फुलं पसरली होती आणि ती अजून सुटी करतच होती.

"दिव्यानी."

पोरीनं मान वर केली नाही. "मी सरवा ठेवला होता, आई. लय ठेवला होता. तू ठेवते त्याच्याहून जास्त."

"बरं."

"ओढ्याकडचा पुरा. अन् इकडचाबी थोडासा."

रंजीता तिच्यासमोर उकिडवी बसली. "मंग ते तुमच्यासंगं काऊन नाई आली?"

दिव्यानीनं हातातलं फूल चिरडलं आणि बोटं फ्रॉकला पुसली. "मीच सांगतलं तिले. काल संध्याकाळी. म्हणलं, कमळामाय, तुमी आमच्यासंगं नोका येऊ. आमचं वेचून झालं, आमी घरी आलो, की मंग या. सरवा तसाच असते ना. मांगून. पाळकसाहेबानं सांगतलं तसं."

आंगणात मोहाचा गोड, जड वास भरला होता.

"ते काय म्हणली?"

"काई नाई. हासली." पोरीचा आवाज बारीक झाला. "म्हणली, बरं मालकीणबाई."

रंजीता तिथून उठली ती रांजणापाशी गेली. पाणी प्यायची म्हणून गेली आणि गडवा हातात धरून उभी राहिली. मालकीणबाई. बारा वर्षं तिनं घरात 'माझं' म्हणू दिलं नव्हतं. पोरगी 'माझं' म्हणाली नव्हती. एकदाही नाही. ती फक्त देत होती.

*

कमळाबाई महिनाभर चंद्रपूरला होती. लटारू मिरचीचा तोडा अर्धा टाकून आला आणि थेट दवाखान्यात जाऊन राहिला. गावात बोलणं चालायचं ते अस्वलाचं. बाई एकटी का गेली, यावर लोकांनी आपापले अंदाज बांधले: तिला वेळ कळली नाही, तिला हाव सुटली, तिचं भरलं होतं. खरं काय ते तीन माणसांना माहीत होतं, आणि तिघं एका घरात राहत होती. चौथी जी होती तिचा जबडा तारेनं बांधलेला होता.

दिव्यानी जेवेनाशी झाली. शाळेतून आली की भिंतीकडं तोंड करून पडायची. रंजीता तिच्या केसांतून हात फिरवायची आणि काही बोलायची नाही, कारण जे बोलावं असं वाटे ते सगळं तिला खोटं वाटे.

गुड फ्रायडेला पडवीत तिन्ही घरं जमली. अजयनं क्रुसाचं सांगितलं, पापाची क्षमा सांगितली. दिव्यानी गुडघ्यावर बसली ती सगळे उठले तरी उठली नाही. हुंदके देऊन रडली. संध्याकाळी ती रंजीताजवळ चुलीपाशी येऊन बसली आणि तिनं स्वतःहून ताट घेतलं. दोन वेळा भात मागून घेतला.

"बरं वाटून राह्यलं का?" रंजीतानं विचारलं.

"हो. हलकं वाटते आता. मी सारं सांगतलं येशूले. माफ झालं."

"येशूनं केलं."

"हो."

"अन् कमळामायनं?"

दिव्यानी घास चावता चावता म्हणाली, "तिलेबी करावंच लागन ना. येशूनं केलं तं."

चुलीतलं लाकूड तडकलं. करावंच लागन. रंजीताच्या हातातली पळी भाताच्या गंजात तशीच राहिली. ज्या हक्काला ती बारा वर्षं दारात अडवून बसली होती, तो पोरीच्या पदरी प्रार्थनेतूनच येऊन बसला होता, आणि पोटभर जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजय गोठ्यात होता. रंजीता तिथं गेली. "कमळाबाई आली की तिले घेऊन जातो मी. दिव्यानीले. तिनं तोंडानं सांगाले पायजे."

अजयनं बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "काय सांगन? बारा वर्साचं लेकरू हाये ते. अस्वलानं केलं ते अस्वलानं केलं."

"तिच्या बोलण्यानं गेली ते."

"तीन घरं आपली, रंजीता. तीन. आज लोकं बाळंतपणाले तुले बलावतात. उद्या म्हणतील, किरिस्तावाच्या पोट्टीनं म्हातारीले अस्वलापुढं धाडलं. लटारू ऐकून घेईन का? कोयता घेऊन येईन."

"येऊ दे."

"अन् पोरगी? आत्ताशी कुठी जेवून राह्यली." त्याचा आवाज मऊ झाला. "देवानं तिले मोकळं केलं. तू काऊन बांधतं?"

रंजीतानं गव्हाणीतल्या काड्या मोडल्या. मग म्हणाली, "जखम कमळाबाईची. ते मेल्यासारखी पडली हाये तिकडं. अन् आपण इथी बसून, तिले न विचारता, तिची माफीबी आपल्याच टोपलीत भरून घेतली. सारं झाड वेचलं, अजय. एक फूल नाई ठेवलं तिच्यासाठी."

अजयनं बैलाचं दावं सोडलं आणि त्याला पाण्याला नेलं. पण नंतर तो कधी 'नको' म्हणाला नाही.

*

कमळाबाई घरी आली तेव्हा ऊन करपवायला लागलं होतं. लटारूनं तिला आत, दारासमोरच्या खाटेवर झोपवलं होतं. रंजीता पोरीचा हात धरून गेली. दारात दिव्यानीचे पाय अडले. तिनं याआधी कमळाबाईचा चेहरा पाहिला नव्हता.

उजवा डोळा जिथं होता तिथं कातडी ओढून शिवली होती. त्याखाली गाल नव्हताच. टाके ओठापर्यंत आले होते आणि वरचा ओठ एका बाजूला वर चढून दात उघडे पडले होते. डावा डोळा तेवढा जुना होता. त्या डोळ्यानं ती दोघींकडं पाहत होती.

लटारूनं पोतं अंथरलं. "बसा बाई. काऊन उभ्या?" तो तिशीचा, मिरचीनं बोटं सोललेली. रंजीताबद्दल त्याला मान होता. त्याच्या पोराचं बाळंतपण तिनंच केलं होतं, ते पोर आणि त्याची आई मागच्या पावसाळ्यात माहेरी गेले तेव्हाही समजवायला तीच गेली होती.

"बसत नाई," रंजीता म्हणाली. "दिव्यानीले काई सांगाचं हाये."

दिव्यानीनं पाठ केल्यासारखं सांगितलं. सुरुवात नीट झाली. संध्याकाळी मी आली होती, मी म्हणली होती, आमचं झाल्यावर या. मग कमळाबाईचा तो एक डोळा तिच्यावर टिकला आणि पाठ केलेलं संपलं. "मले माहीत नोतं अस्वल येईन म्हणून. मी सरवा ठेवला होता, कमळामाय. लय ठेवला होता. मले माफ करा."

माश्या टाक्यांवर बसत होत्या आणि लटारू सवयीनं टॉवेलनं त्या हाकलत होता. त्याचा हात थांबला.

"काय ठेवला होता?" त्यानं विचारलं.

"सरवा," दिव्यानी म्हणाली.

लटारू उठला नाही, ओरडला नाही. कोयत्याकडंही त्यानं पाहिलं नाही. तो हसल्यासारखं करून रंजीताकडं वळला. "बाई, इले झाडाचं सांगतलं नाई का तुमी?"

रंजीतानं मान खाली घातली.

"आयक पोरी," लटारू म्हणाला. "तुहा आजा, तुह्या बापाचा बाप, जिवतीच्या पहाडावरून आला होता. कोरडं पडलं तिकडं. बायको, लेकरू अन् एक गाठोडं. रानात आमच्या घराची तीन झाडं होती. माह्या आज्यानं तुह्या आज्याले म्हणलं, वढ्याकडचं तू वेच. लिहून नाई घेतलं, काई नाई घेतलं. पयल्या वर्सी तुही आजी आमच्या मायसंगं बसून वेचे, पाठीले पाठ लावून. कोणं तिले म्हणलं नाई, आमचं झाल्यावर ये म्हणून." त्यानं टॉवेल झटकला. "अन् तू तिच्यासाठी सरवा ठेवतं."

दिव्यानी आईकडं पाहत होती. रंजीताला ती नजर अंगावर ऊन पडावं तशी कळत होती, पण मान वर करवली नाही.

कमळाबाईनं घशातून काही आवाज काढला. ओठ जुळत नसल्यानं प, ब, म तिच्या तोंडून निघत नव्हते. शब्द अर्धे गळून बाहेर यायचे. लटारू तिच्या तोंडाशी वाकला, ऐकलं, आणि सरळ झाला.

"जा म्हणते," तो म्हणाला. "ते दमली."

कमळाबाईनं भिंतीकडं कूस बदलली.

वाटेत दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर चालत होत्या. धूळ तापली होती. विहिरीपाशी आल्यावर दिव्यानी थांबली.

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

रंजीताच्या मनात पुष्कळ उत्तरं आली. तू लहान होतीस. विसरून गेले. त्यात काय सांगायचं. तिनं ती एकेक करून बाजूला केली. "द्याले चांगलं वाटे," ती म्हणाली. "आपण देणारे, असं वाटे. घेतलं होतं हे सांगतलं असतं तं तसं वाटलं नसतं."

दिव्यानी विहिरीच्या काठाकडं पाहत राहिली. म्हणाली, "कमळामायनं माफ नाई केलं."

"नाई."

"कधी करन?"

"मले काय माहीत. नाईबी करन."

"पण मी मागतली ना. तू म्हणली तशी मागतली." तिचा आवाज चिरकला, राग होता त्यात. "मागतल्यावर द्याले नोको का?"

"मागणं तुह्या हाती हाये. देणं तिच्या."

"अन् येशू?"

रंजीता तिच्यासमोर आली. पोरगी वर्षभरात उंच झाली होती. तिच्या हनुवटीला लागत होती. "येशूनं तुले माफ केलं असन. ते तुह्या पदरात पडलं ते ठेव, अन् त्याच्यापुढं रडजो. पण ते घेऊन कमळाबाईच्या दारात जायचं अन् म्हणायचं, तुमीबी द्या, हे नाई. फुकट भेटलेलं घेऊन कोणाच्या दारी वसुलीले जात नाई, माय."

"मंग उद्या कायले जायचं?"

"उद्या तिची पट्टी बदलाची हाये. पानी भराचं हाये."

"अन् तिनं हाकललं तं?"

"तं परत यायचं. अन् परवा जायचं."

दिव्यानी रडायला लागली. गुड फ्रायडेच्या रडण्यासारखं ते नव्हतं. त्यात सुटका कुठं दिसत नव्हती. रंजीतानं तिला जवळ घेतलं नाही. तिला घ्यावंसं वाटलं, हात पुढंही झाले, पण पोरीनंच एक पाऊल मागं घेतलं आणि ती घराकडं चालू लागली.

*

त्यानंतर दोघी रोज जात. पहिले तीन दिवस लटारूनं दार लावून घेतलं. रंजीता पट्टीचं सामान उंबऱ्यावर ठेवायची, पाणी भरून ठेवायची, आणि दोघी परत यायच्या. चौथ्या दिवशी दार उघडं होतं, पण लटारू काही बोलला नाही. मग तेंदूपत्त्याचा हंगाम लागला आणि त्याला पहाटेच रानात जावं लागलं. आईला एकटी टाकून जाताना तो रंजीताच्या आंगणात येऊन उभा राहिला, म्हणाला, "बाई, दुपारपर्यंत पाहा," आणि दिव्यानीकडं न बघता निघून गेला.

गावाला कळलं होतं. लटारूनं सांगितलं की आणखी कोणी, कोणास ठाऊक. विहिरीवर बाया गप्प व्हायच्या. वैशाखात गावातल्या पवनच्या बायकोचं बाळंतपण आलं तेव्हा त्यांनी रंजीताला बोलावलं नाही, गाडी करून परस्पर दवाखान्यात नेलं. रविवारी पडवीत तीनाऐवजी दोन घरं बसली. अजय प्रार्थना घ्यायचा, आणि मध्येच शब्द विसरून थांबायचा.

कमळाबाई बसती झाली. पेज प्यायची, निम्मी ओठाच्या फटीतून गळ्यावर उतरायची, दिव्यानी ती पुसायची. पहिल्यांदा पुसायला गेली तेव्हा कमळाबाईनं तिचा हात धरून बाजूला केला होता. आता करत नव्हती, पण पुसून घेताना डोळा मिटून घ्यायची. गाणं तर राहिलंच, बोलणंही तिनं टाकलं होतं. पाणी पाहिजे असलं की बोटानं गडवा दाखवायची. आणि रोज काम आटोपलं, की दिव्यानी थोडा वेळ दारात उभी राहायची. कमळाबाईकडं पाहत. काही न मागता. पण ती का उभी आहे, हे तिघींना ठाऊक होतं. पंधरा दिवस झाले, वीस झाले. रंजीता कोपऱ्यात पट्टीचा कापूस गुंडाळायची आणि दर वेळी जरा जास्तच वेळ लावायची.

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की छपराची कौलं तापून वाजत होती. खोलीत हवा हलत नव्हती. दिव्यानीनं पेज पाजली, तोंड पुसलं, गडवा भरून खाटेशी ठेवला, आणि दारात जाऊन उभी राहिली.

कमळाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग तिचे ओठ हलले, जुळू पाहत होते, जुळत नव्हते. रंजीताच्या हातातला कापूस थांबला.

"आजूले हो," कमळाबाई म्हणाली. "वारा येऊ दे."

दिव्यानी क्षणभर तशीच उभी राहिली. मग बाजूला सरली, भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिनं आपले पायही दाराच्या वाटेतून ओढून घेतले. वारा फारसा नव्हता. होता तेवढा आत गेला.